रोगी बरा झाला, म्हणजे काय?

१९२४ च्या जानेवारीची १२ तारीख. पुण्याच्या ससून रुग्णालयात रात्रीच्या वेळी महात्मा गांधींच्या पोटावर शस्त्रक्रिया चालू होती. येरवड्याच्या तुरुंगात असतानाच त्यांना आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, विकार जडला होता आणि त्यांना तातडीने रुग्णालयात हलवावे लागले होते. शल्यचिकित्सक होते कर्नल मॅडॉक. ऐन वेळी विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु पुढे त्या जागी पू धरला आणि प्रकृती सावरण्यास अपेक्षेहून अधिक काळ लागला. ५ फेब्रुवारीस सरकारने गांधीजींची सुटका केली. जुहूच्या समुद्रकिनारी काही काळ विश्रांती घेऊन एप्रिलमध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ या पत्रांचे संपादन पुन्हा हाती घेतले. या शस्त्रक्रियेचे यश कोणत्या दिवशी सिद्ध झाले? टाके घातले त्या रात्री, रुग्णालय सोडले तेव्हा, की लेखणी पुन्हा हाती आली त्या दिवशी?

हा प्रश्न एका थोर पुरुषापुरता नाही. आतड्याला छिद्र पडते, पीळ बसतो किंवा मार्ग बंद होतो. आतील घाण उदरपोकळीत पसरते, जंतुदोष रक्तात भिनतो आणि मूत्रपिंडे व फुप्फुसे थकू लागतात. अशा वेळी विचार करावयास काही तासांचाच अवधी मिळतो. म्हणूनच ‘जीव वाचला ना?’ एवढाच प्रश्न नातेवाईक विचारतात आणि ‘वाचला’ हे उत्तर पुरेसे मानले जाते. पहिला प्रश्न तोच असला पाहिजे, यात संशय नाही. मात्र तो शेवटचाही असावा काय?

अमेरिकेतील बॉस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन या शल्यचिकित्सकाने विसाव्या शतकाच्या आरंभीच या समजुतीला आव्हान दिले. रोगी घरी गेला म्हणजे रुग्णालयाचे कर्तव्य संपत नाही. उपचार सफल झाला की नाही, आणि नसल्यास का नाही, हे कळेपर्यंत त्याचा मागोवा घेतला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रोग्यांचा हिशेब त्याने प्रसिद्ध केला आणि त्यांत १२३ चुकांची कबुली दिली. सहव्यवसायी मंडळींना ही सचोटी मानवली नाही. आज मात्र त्याचाच मार्ग राजमार्ग झाला आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या अखेरीपासून तातडीच्या मोठ्या उदरशस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाऊ लागली. धोक्याचा अंदाज आधी घेतला काय, अनुभवी शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ हजर होते काय, वृद्ध रोग्यास वार्धक्यविकारांच्या वैद्याने पाहिले काय, हे तीत तपासले जाते. आरंभी शंभरातील सुमारे १२ रोगी ३० दिवसांच्या आत दगावत. पुढील काही वर्षांत हा आकडा ९ च्या आसपास आला. हे मोठेच यश होय. तथापि ३० दिवस ही मोजणाऱ्याच्या सोयीची मर्यादा आहे, रोगाची नव्हे. ब्रिटनमधील ९३ रुग्णालयांतील ४० वर्षांवरील सुमारे १६ हजार रोग्यांचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ९० दिवसांच्या आत शंभरातील १६ जण मृत्यू पावल्याचे आढळले.

जे वाचले त्यांचे काय? शस्त्रक्रियेनंतरच्या उपद्रवांची प्रतवारी शल्यचिकित्सक करतात. कोणता उपद्रव निस्तरण्यास कोणता उपचार लागला, यावरून त्याची पायरी ठरते. ही मोजणी उपयुक्त आहे. पण ती खाटेच्या एका बाजूने केलेली आहे. आतड्याचे तोंड पोटावर काढून मळासाठी पिशवी लावणे हा पुष्कळदा जीव वाचविणारा शहाणपणाचा निर्णय असतो. तो ठरवूनच घेतलेला असल्याने उपद्रवांच्या यादीत त्याला स्थान नाही. ज्याला ती पिशवी बाळगून चारचौघांत वावरायचे आहे, त्याच्या मनात मात्र तिचे स्थान पहिले असते. याच उणिवेपायी अलीकडे एक निराळे माप वापरात आले आहे: ठराविक मुदतीत रोग्याने रुग्णालयाबाहेर, जिवंतपणी, किती दिवस काढले?

पण या मापालाही माणूस पाहूनच अर्थ येतो. पंचविशीतला हमाल वाचला, पण जखमेच्या जागी हर्निया होऊन त्याला ओझे उचलता येईनासे झाले, तर त्याचे पोट शिवले गेले आणि पोटाचे साधन गेले. ऐंशी वर्षांची आजी वाचली, पण आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाईनाशी झाली, तर तिच्या लेखी ते यश किती? काही अतिवृद्ध, जर्जर रोग्यांच्या बाबतीत तर शस्त्रक्रिया न करता वेदना शमविणे आणि आप्तांच्या सहवासात अखेरचे दिवस जाऊ देणे, हेच उत्तम फलित ठरते.

म्हणून चांगल्या फलिताची व्याख्या शस्त्र हाती घेण्यापूर्वीच व्हावयास हवी. त्यासाठी वेळ फार लागत नाही. हा मनुष्य कालपर्यंत काय करीत होता आणि त्याला कशाकडे परत जायचे आहे, हे दोन प्रश्न पुरतात. त्यांची उत्तरे रोग्याच्या कागदावर लिहून ठेवली, तर सहा महिन्यांनी त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिता येईल: तो तेथवर पोहोचला की नाही. रोगी खरोखर बरा झाला काय, याचा निर्णय त्या ओळीत असतो.