जीपवाल्यांचा संघ

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०१२ मध्ये साविओ मेदेइरा पायउतार झाल्यापासून या जागेवर परदेशी माणसंच बसत होती, त्यामुळे चर्चा बरीच झाली. ऐझॉल आणि जमशेदपूर या त्याच्या दोन संघांबद्दल लोक भरभरून बोलले. खेळाडू म्हणून त्याची उमेदीची वर्षं मात्र ज्या संघात गेली, त्या महिंद्रा युनायटेडची आठवण फार कमी जणांना झाली. साहजिकच आहे. तो संघ २०१० मध्ये बंद पडला.

मला त्या संघाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याची माणसं अजून जिकडेतिकडे दिसतात. भारतीय फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणाऱ्यांत एकेकाळचे महिंद्राचे खेळाडू इतके आहेत, की तो संघ होता की प्रशिक्षकांची शाळा, असा प्रश्न पडावा.

आधी थोडं मागे जाऊ. महिंद्रा कंपनीचा जन्म १९४५ चा, लुधियानातला, ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटीवर दोन्हीकडे महिंद्राच आले. कंपनीचं नाव झालं ते विलिस जीपमुळे, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी फुटबॉल संघालाही ‘जीपमेन’ म्हणायला सुरुवात केली. संघ उभा राहिला १९६२ मध्ये. त्या काळी मुंबईत फुटबॉल म्हणजे कंपन्यांचं फुटबॉल. टाटा, रेल्वे, मफतलाल, पुढे ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया. हार्वूड लीगमध्ये हे सगळे कूपरेजच्या मैदानावर एकमेकांशी भिडत. वांद्र्याची, ऑर्लेमची, धोबीतलावच्या गोवेकर कुडांमधली, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांमधली, पोरं या संघांत जात ती खेळाच्या ओढीने, तितकीच नोकरीच्या. कारखान्याच्या गावात चांगला खेळणारा पोरगा म्हणजे कधीतरी कायम होऊ शकणारा पोरगा. गुडघा गेला तरी हजेरीपटावर नाव राहतं, फंड कापला जातो, क्वार्टर मिळते. या व्यवस्थेला पुढे लोक नाकं मुरडू लागले, पण खेळणाऱ्याच्या घरच्यांना रात्री झोप लागायची ती त्याच व्यवस्थेमुळे.

१९९८ मध्ये महिंद्राने ड्युरँड कप जिंकला. १८८८ मध्ये शिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा. दोन वर्षांनी संघाचं नाव ‘महिंद्रा युनायटेड’ झालं आणि नावासोबत संघाची चालही बदलली. करार, परदेशी खेळाडू, व्यावसायिक बांधणी. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ॲलन ड्युरांटे संघाचे अध्यक्ष म्हणून पुढे असत. या काळात महिंद्राने जे कमावलं ते मुंबईच्या दुसऱ्या कुठल्या संघाला जमलेलं नव्हतं : २००१ आणि २००८ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन कप, कोलकात्याला जाऊन दोनदा आयएफए शील्ड, आणि २००५-०६ च्या मोसमात राष्ट्रीय फुटबॉल लीग. २००७ मध्ये एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल गेली.

त्या २००५-०६ च्या संघावर थांबायलाच हवं. प्रशिक्षक होते डेरिक परेरा. मूळचे गोव्याचे, स्वतः भारताकडून बचावात खेळलेले. पुढच्या फळीत ब्राझीलचा होझे बारेटो. मोहन बागानचं दैवत असलेला हा माणूस मधला काही काळ मुंबईत खेळला आणि लीगचं विजेतेपद घेऊन पुन्हा बागानला परत गेला, याचा कोलकात्याला आजही विसर पडतो. त्याच्या जोडीला घानाचा युसिफ याकुबू, ज्याला पेनल्टी क्षेत्रात मोकळं सोडणं म्हणजे गोल देणंच. गोलमध्ये संदीप नंदी. बचावात गोव्याचा महेश गवळी. उजव्या बाजूने मुंबईचाच स्टीवन डायस, ज्याचे क्रॉस हे त्या संघाचं अर्धं आक्रमण होतं. आणि कानपूरचा उंचापुरा अभिषेक यादव, ज्याने २००२ मध्ये व्हिएतनाममधल्या एलजी कपच्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल करून भारताला जिंकून दिलं होतं.

२९ ऑगस्ट २००७ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने सीरियाला १-० ने हरवून पहिल्यांदा नेहरू कप जिंकला. तो एकमेव गोल होता एन. पी. प्रदीपचा. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातला हा मुलगा तेव्हा महिंद्राकडूनच खेळत होता.

मग २०१० च्या सुरुवातीला कंपनीने जाहीर केलं की हा मोसम शेवटचा, यापुढे पैसा शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर खर्च करू. कंपनीवर राग धरण्यात मला अर्थ वाटत नाही. जवळजवळ पन्नास वर्षं तिने संघ पोसला, त्यातून तिला मिळकत शून्य. मला खटकतं ते वेगळंच. संघ बंद झाला तेव्हा ‘हा आमचा आहे’ म्हणणारं कुणी नव्हतं. बागानला सभासद आहेत, वार्षिक सभा आहे, निवडणुकीत भांडणं आहेत. महिंद्राला यातलं काही नव्हतं. मैदानही संघाचं नव्हतं. कूपरेज फुटबॉल संघटनेचं. हार्वूड लीगच्या काळात निदान कंपनीचे कामगार तरी आपल्या संघासाठी यायचे. करारावरचा व्यावसायिक संघ झाल्यावर तेही नातं सैल झालं आणि शहराशी नवं नातं जुळलंच नाही. नोकरीचा आधार गेला आणि गावाचा आधार आला नाही, असा तो मधल्यामधे अडकलेला संघ होता.

आणि तो एकटा नव्हता. फगवाड्याच्या जेसीटीने, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या पहिल्या विजेत्याने, २०११ मध्ये गाशा गुंडाळला. एअर इंडिया आय-लीगच्या, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या पुढच्या अवताराच्या, परवान्याचे निकष न पाळल्याने २०१३ मध्ये बाहेर गेली. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांच्याच हाताखाली उपविजेती ठरली, तरी २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसली नाही. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपली. महाराष्ट्रात व्यावसायिक फुटबॉलचा संघ काढणं सोपं आहे, असं या यादीतल्या मुंबई-पुण्याच्या नावांवरून म्हणावं लागतं. तो टिकवण्याचं गणित मात्र कुणी मांडलंच नाही.

पण माणसं टिकली. खालिद जमीलचीच गोष्ट घ्या. जन्म कुवेतचा, खेळ मुंबईचा. महिंद्रा, मग एअर इंडियात बिमल घोष यांच्या हाताखाली, पुन्हा महिंद्रा, शेवटी मुंबई एफसी. कोलकात्याच्या मोठ्या संघांच्या जर्सीवर दारू कंपन्यांची नावं असत, म्हणून तो तिकडे गेला नाही. प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीने त्याला २०१६ मध्ये सोडलं. आय-लीगमधून घसरलेल्या आणि मग पुन्हा आत घेतल्या गेलेल्या ऐझॉलने त्याला घेतलं आणि २०१६-१७ मध्ये ऐझॉल विजेता झाला, ईशान्य भारतातला पहिला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाशी गेली. जमशेदपूरमध्ये त्याचा सहायक होता स्टीवन डायस, म्हणजे पुन्हा जीपवालाच.

महेश गवळी राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२३ च्या दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाक निलंबित असल्याने उपांत्य आणि अंतिम सामन्याला बाकावर संघाची जबाबदारी गवळीकडेच होती. भारताने दोन्ही सामने पेनल्टीवर जिंकले. महिंद्राचा माजी खेळाडू षण्मुगम वेंकटेश स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टिमाक या दोन्ही राष्ट्रीय प्रशिक्षकांचा सहायक होता. अभिषेक यादवने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी देशभर फिरून मुलं शोधली आणि नंतर भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात गेला. डेरिक परेरांनी तेवीस वर्षांखालील भारतीय संघ आणि एफसी गोवा दोन्ही सांभाळले.

यात योगायोग थोडा असेल, पण सगळा नाही. महिंद्राच्या खेळाडूंना लाखभर प्रेक्षकांचा दबाव नव्हता, तसा मायेचा गोतावळाही नव्हता. बारेटोसारख्यांच्या शेजारी रोज सराव, शिस्तीचा प्रशिक्षक, आणि खेळ संपल्यावर काय करायचं हा प्रश्न करारामुळे आधीपासूनच समोर. ज्यांनी तो वेळेवर सोडवला ते आज प्रशिक्षक आहेत. खालिदच्या भारतीय संघाने सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला आणि लगेच ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून २०२७ च्या आशियाई चषकाची वाट गमावली. तेव्हा त्याच्याबद्दल निकाल द्यायची घाई नको.

घाई दुसऱ्या कामाची आहे. क्रिकेटच्या प्रत्येक क्लबचा सुवर्णमहोत्सवी अंक निघतो. महिंद्रा, मफतलाल, ऑर्के यांचा नीट लिहिलेला इतिहास मराठीत नाही. साठ-सत्तरच्या दशकात हार्वूड लीग खेळलेले लोक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या कपाटात संघाचे फोटो, सामन्यांची पत्रकं, कात्रणं पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा फुटबॉल संघटनेकडे द्यावीत, आणि जे बोलू शकतात त्यांना कुणीतरी आत्ताच बोलतं करावं.