वेगाची होडी की माणसांची?

पावसाळ्यात कृष्णेचं पात्र भरून वाहू लागलं की सांगलीत होड्यांच्या शर्यतींचे दिवस येतात. तरुण मराठा, रॉयल कृष्णा अशा बोट क्लबांची नावं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि होड्या सुटल्या की काठावरचा माणूस आपल्या गावाच्या होडीबरोबर पळू लागतो. शर्यतीची होडी नीट पाहायची तर ती काठावर काढून ठेवलेली असताना पाहावी. लांबलचक, निमुळती, बसायला आडव्या फळ्या आणि दोन माणसं कशीबशी खांद्याला खांदा लावून बसतील एवढीच रुंदी. सामान ठेवायला जागा नाही, पाय पसरायला नाही, म्हाताऱ्या माणसाला धरून बसायला काही नाही. जिंकायला जे लागत नाही ते सगळं तिच्यातून काढून टाकलेलं असतं.

याच नदीवर औदुंबरच्या घाटावरून पलीकडे भुवनेश्वरीच्या दर्शनाला जायला नाव मिळते. तिचा तळ पसरट, कडा उंच, चाल संथ. तिच्यात नऊवारीतली आजी बसते, कडेवरचं मूल बसतं, नारळाची पिशवीही बसते. दोन्ही होड्या कृष्णेच्याच, पण त्यांची कामं इतकी वेगळी की एकीचं काम दुसरीला सांगणं म्हणजे दोघींवर अन्याय.

वेगाची होडी घ्यावी की माणसांची, हा प्रश्न आता सातारा-सांगलीत बऱ्याच जणांसमोर येतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आणि बामणोलीला बोट क्लब आहेत, मुनावळ्याला २०२४ साली जलपर्यटन केंद्र सुरू झालं. सुट्टीला आलेलं कुटुंब धक्क्यावर उभं राहतं आणि पोरं म्हणतात, स्पीड बोटच हवी. गावातला तरुण कर्ज काढून बोट घ्यायला निघतो आणि त्यालाही वाटतं, गिऱ्हाईक वेगावरच येणार. नदीकाठच्या ग्रामपंचायतीला महापुरासाठी बोट घ्यायची असते. तिघांनाही निवड करण्याआधी पाण्यावर होडी कशी वागते ते माहीत हवं.

होडी चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारते आणि स्वतःच एक लाट तयार करते. साध्या, तळ पाण्यात बुडवून चालणाऱ्या होडीला या लाटेच्या पुढं सहजासहजी जाता येत नाही. होडीची पाण्यातली लांबी जितकी जास्त तितकी ही वेगाची हद्द पुढं सरकते. १६ फुटी होडीची हद्द ताशी १० किलोमीटरच्या आसपास, तर ३६ फुटी होडीची १५ च्या आसपास. इंजिन मोठं बसवलं तरी ही हद्द फारशी हलत नाही, फक्त तेल जास्त जळतं. ती ओलांडायचे मुख्य मार्ग दोन. पहिला शर्यतीच्या होडीचा: लांबी वाढवा, रुंदी कमी करा, म्हणजे लाटच लहान उठते. ऑलिंपिकमधली आठ वल्हेकऱ्यांची होडी १७ मीटरहून लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते, आणि ती निव्वळ माणसांच्या ताकदीवर २ किलोमीटरचं अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापते. दुसरा मार्ग स्पीड बोटीचा. तिचं इंजिन इतकं जोरकस असतं आणि तळ असा घडवलेला असतो की ठरावीक वेगानंतर ती पाण्यात न राहता पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते.

मात्र उचललं जाणं वजनावर अवलंबून असतं. दोघं-तिघं बसले असताना तीरासारखी जाणारी स्पीड बोट दहाजण कोंबले की मागून बसते, नाक वर करते, पुढचं दिसेनासं होतं आणि जास्त तेल पिऊन साध्या मोटारबोटीच्याच वेगानं चालते. म्हणजे गर्दीच्या वेळी पैसे वेगाचे द्यायचे आणि वेग मात्र मिळत नाही. होडी विकणारे हे आपणहून सांगत नाहीत, म्हणून इथं सांगितलं.

आता स्थैर्याचं. लांबी तीच ठेवून होडीची रुंदी दुप्पट केली, तर तिच्या कलण्याला पाण्याकडून होणारा विरोध ढोबळमानानं आठपट होतो. रुंदीचा हिशेब घनात चालतो. माझ्या मते कुटुंबाच्या होडीबद्दलची निम्मी चर्चा या एका गोष्टीनं मिटते. मूल कडेला वाकून पाण्यात हात घालतं, कुणीतरी फोटोसाठी उभं राहतं, मग चौघं एका बाजूला सरकतात. रुंद होडी जराशी झुकून थांबते, अरुंद होडी झुकतच जाते. शर्यतीच्या होडीत वल्हेकरी बसल्या जागेवरून हलत नाहीत, सगळ्यांची वल्ही एका ठेक्यात पडतात, म्हणून ती तरते. सहलीला आलेल्या माणसांकडून ती शिस्त मागता येत नाही, आणि मागूही नये.

पण रुंदी म्हणजेच सुरक्षितता असंही नाही, आणि हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. महापुरात आपल्याकडे गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडतात. गुळासाठी उसाचा रस आटवायची ती लोखंडी, गोल, पसरट कढई. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना तिच्यात बसवून गळाभर पाण्यातून गावकरी ती ढकलत नेतात. रुंदी भरपूर, त्यामुळे सहज कलंडत नाही. पण तिला ना नाक ना शेपूट, धार लागली की ती जागच्या जागी गरगरते, आणि काठ बुटका असल्यानं वजन वाढलं की एका लाटेत पाणी आत येतं. काहिलीनं माणसं वाचवली आहेत, तिचे उपकार आहेत, पण ती साचल्या पाण्यापुरती. होडीला रुंदीबरोबर कडेची उंची हवी आणि दिशा धरणारा तळही हवा.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची होडी उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांत बायका होत्या, मुलं होती. तिच्यात पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. पाणी घरात शिरत असताना पुढच्या फेरीला थांबा असं कुणाला सांगणार? म्हणूनच गावासाठी बोट घेताना तिचा वेग विचारण्याआधी कागदावरच्या क्षमतेपेक्षा दोन-चार माणसं जास्त चढली तर ती काय करते हे विचारायला हवं. आपत्ती दलाच्या रबरी बोटी यासाठी पाहण्यासारख्या असतात. दोन्ही बाजूंना हवेच्या जाड नळ्या, त्यांत वेगवेगळे कप्पे, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तारतात. तळ पसरट असल्यानं त्या उथळ पाण्यातही चालतात आणि बुडणारा माणूस कडेवरून आत ओढता येतो. मागच्या इंजिनावर त्या पुरेशा जलदही जातात. पुराच्या कामाला यापेक्षा जास्त वेग लागतच नाही, कारण पाण्याखाली कुंपणाच्या तारा, विजेचे खांब आणि उसाचे फड असतात.

शिवसागराची गोष्ट वेगळी. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, पाणी खोल आणि दोन्ही बाजूंना डोंगर. सकाळी काचेसारखं दिसणारं पाणी दुपारी वारा सुटला की हां हां म्हणता उसळू लागतं. बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जायला साध्या मोटारबोटीनं दीड तासाच्या आसपास लागतो आणि किल्ला उतरून तेवढंच परत यायचं असतं. जाताना सगळे ताजे असतात, परतीला माणसं दमलेली, कपडे घामानं ओले, वारा समोरचा. अशा वेळी स्पीड बोटीत बसलेल्या माणसाच्या कंबरेला प्रत्येक लाट कळते. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तिच्यात बसूच नये. शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठालगत जुन्या झाडांची खोडं वर येऊ लागतात. संथ बोटीला खोड घासतं, जोरात आलेल्या बोटीचा तळ फाटू शकतो.

मोठ्या जलाशयावरचा वारा काय करतो ते उजनी धरणानं दाखवून दिलं आहे. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. ती रोजच्या ये-जा करण्याची बोट होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. वेगवान बोट आणि माणसांची बोट एकाच पाण्यात मोकळी सोडली की काय होतं ते त्या दुपारी अख्ख्या देशानं पाहिलं. तापोळा-बामणोलीच्या धक्क्यांवर या दोन्ही प्रकारांसाठी पाण्याचे वेगळे पट्टे आखून, तरंगते गोळे लावून ते पाळायला लावणं फार खर्चाचं काम नाही. ते व्हायलाच हवं.

बोट घेऊ पाहणाऱ्या तरुणांनी हिशेब करून बघावा. स्पीड बोटीच्या फेऱ्या छोट्या, पण तेल आणि इंजिनाची देखभाल महाग. रुंद मोटारबोट दहा-बाराजणांना घेऊन दिवसभर वासोट्याला जाऊन येते, पर्यटक नसतील तेव्हा पलीकडच्या गावांचा बाजार आणि माणसं नेते. जलाशयाकाठच्या कित्येक वाड्यांचा दवाखान्याचा जवळचा रस्ता अजूनही पाण्यावरून जातो. माझ्या मते या पाण्यावर पहिली बोट रुंदच घ्यावी. धंदा बसला, वेगळा पट्टा मिळाला, तर दुसरी वेगाची. आणि नोंदणी-तपासणी चुकवू नये, २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानं यांत्रिक बोटींना ती लागू केली आहे.

वेगाची हौस असेल तर ती जरूर भागवावी. शर्यतीच्या दिवशी सांगलीत यावं, घाटावर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडावं. किंवा शांत सकाळी, रिकाम्या पाण्यात, दोघा-तिघांनी स्पीड बोटीची एक छोटी फेरी मारावी. आजी आणि लहान मुलं सोबत असली की मात्र रुंद बोटच मागा. किती माणसांची परवानगी आहे ते बोटीवर लिहिलेलं वाचा, जास्तीचा माणूस चढू लागला तर आपण उतरा, आणि प्रत्येकाच्या अंगावर, मुलांच्या मापाचंसुद्धा, जीवरक्षक जॅकेट बांधलं गेल्याशिवाय नावाड्याला दोर सोडू देऊ नका.