श्वानाचा संकेत आणि पुरावा

घरात रक्तपात घडला आणि मागाहून जमीन धुऊन काढली, तरी फरशीच्या सांध्यांत रक्ताचा अंश राहू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही. शिकविलेल्या श्वानाला मात्र त्याचा गंध येतो. म्हणून त्याला एकेका खोलीतून फिरवितात. तो जेथे थबकेल वा भुंकेल, तेथील नमुना टिपून, मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे धाडतात.

परंतु संकेत म्हणजे पुरावा नव्हे. २००८ साली जर्सी बेटावरील ‘ओ द ला गारेन’ या जुन्या बालगृहात श्वानाच्या मदतीने शोध चालला असता एक तुकडा सापडला. तो बालकाच्या कवटीचा असल्याचे जाहीर झाले; पुढे ते हाडच नसल्याचे ठरले. तेथे मुलांचा छळ झाला होता हे खरे. खून मात्र सिद्ध झाला नाही.

श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही, हा आक्षेप आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ साली, महाराष्ट्रातील एका खटल्यात, विचारात घेतला आणि श्वानाने काढलेल्या मागास फारसे महत्त्व दिले नाही.

कोठे शोधावे, एवढेच श्वान सांगतो. काय सापडले, ते प्रयोगशाळेने सांगावयाचे. हा भेद विसरल्यास निरपराध घराला कायमचा डाग लागतो.