कुडाचे घर आणि रानाचा हक्क

कुडाचे घर म्हटले की आपल्या मौद्यातही दारिद्र्यच डोळ्यांपुढे येते. गडचिरोलीकडील गोंडांचे घर मात्र बांधणी म्हणून पाहावे. छपराचा भार लाकडी खांबांवर. विणलेल्या बांबूवर शेणमाती लिंपलेला कूड केवळ आडोशाला. पावसात माती गळाली तरी घर उभेच. बांधायला शेजारी येतात, मजुरी मागत नाहीत (आम्हां कामगार-संघटनावाल्यांना हा हिशेब नवाच!). प्रश्न आहे तो लाकूड-बांबूवरील हक्काचा. मेंढा-लेखा येथे गावाने सागाचे लाकूड वापरून गोटूल, म्हणजे तरुणांचे सामाईक घर, उभारले. वनखात्याने ते मोडले. गावाने ते पुन्हा उभारले, शेजारच्या गावांनीही आपापली उभारली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. तरी त्याचे वाहतूक-परवाने देण्याचा अधिकार मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 साल उजाडले.