रस्त्यानेही चूक पोटात घालावी

अपघात झाला की आपण चटकन् म्हणतो, 'ड्रायव्हरची चूक!' असेलही. पण डुलकी लागणे, अंदाज चुकणे हे माणसाच्या हातून व्हायचेच. त्याची शिक्षा मरणच का असावी? इथेच राज्य सरकारचे काम सुरू होते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचेच पाहा. सुमारे ९४ किलोमीटरच्या या रस्त्यावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. तेव्हा राज्याचे रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून अपघातांच्या जागा तपासल्या. कुठे पुलाचा खांब उघडा, तर कुठे कडेला बंद पडलेला ट्रक उभा! मग खांबांपुढे कठडे आले, थांबलेली वाहने हलू लागली, वेगावर नजर बसली, जखमींना लवकर दवाखान्यात नेण्याची सोय झाली. २०१९ साली मृतांचा आकडा ९२ वर आला. घाट तोच, माणसेही आपलीच. बदलली ती व्यवस्था.

पुढे हा आकडा कधी उतरला, कधी पुन्हा चढला. म्हणजे हे काम एकदा करून सोडून द्यायचे नव्हे, बरं का!

तेव्हा गावाजवळच्या वळणावर पुन्हा अपघात झाला, तर 'चूक कोणाची?' एवढ्यावर थांबू नका. 'हे वळण कोण आणि केव्हा सुधारणार?' हेही विचारा.