काचेच्या हद्दीतील तंटा

दुकानातील काचेआड विहरणारे दोन-दोन इंचांचे ऑस्कर मासे पाहून ज्यांचे मन हरखते, त्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की, मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला हा जीव नीट पोसला असता वर्ष-दीड वर्षात जवळजवळ फूटभर लांब होतो आणि पुढे दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जगतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी तीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. एका प्रौढ ऑस्करला ते जेमतेम पुरावे. पण तेवढ्याच पाण्यात चार ऑस्कर, निकाराग्वाच्या सरोवरांतला एखादा मायडस आणि कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न, एवढा सारा परिवार एकत्र नांदविण्याचा घाट कित्येक घरांत घातला जातो. मासे वयात येईपर्यंत सर्व सुरळीत चालते. मग एके दिवशी एकाची शेपटी फाटलेली दिसते, दुसरा फिल्टरमागे अंग चोरून उभा राहतो, आणि घरची माणसे त्यांतल्या थोरल्या माशाला खुनशी ठरवून मोकळी होतात.

हा निवाडा त्या माशावर अन्याय करणारा आहे. ज्या सिक्लिड कुळात हे सर्व मासे मोडतात (आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदरही त्याच कुळातला), त्या कुळाचा स्वभावधर्मच असा की, अंडी घालून ती वाऱ्यावर सोडणे त्यास मान्य नाही. ऑस्कर किंवा मायडस यांची जोडी एखादा दगड तोंडाने घासून स्वच्छ करते, त्यावर घातलेल्या अंड्यांवर अहोरात्र पहारा ठेवते, आणि पिले पोहू लागली तरी त्यांची पाठराखण सोडत नाही. संतती राखावयाची तर जागा राखणे प्राप्तच. म्हणून तळाचा एक तुकडा त्या जोडीचा मुलूख होतो आणि त्याच्या सरहद्दीवर आलेल्या परक्यास हटकले जाते. मत्स्यन्याय म्हणून जो सांगितला जातो तो भक्ष्य-भक्षकांचा. येथील तंटा बहुधा समबलांचा असतो, आणि तो भुकेपोटी नसून जागेपोटी असतो. त्यालाही रीत आहे. प्रथम अंगाचे रंग पालटतात, कल्ल्यांची झाकणे फुलतात, मग बाजूस बाजू भिडवून शेपटीने एकमेकांवर पाण्याचे तडाखे मारले जातात. एवढ्यानेही निकाल न लागला तर जबड्यात जबडा धरून बळ अजमावले जाते, आणि ज्याचे बळ उणे पडते तो पर मिटून पळ काढतो. पळणारा हद्दीपलीकडे गेला की विजेत्याच्या लेखी दावा संपला.

काचेने नेमकी ही पळवाट बंद केली आहे. हरलेला मासा चार फूट पळाला तरी तो विजेत्याच्या मुलखातच असतो, आणि त्याचे तेथे असणे हेच विजेत्यास नवे आव्हान वाटते. म्हणून जो झगडा नदीत काही क्षणांत मिटला असता तो टाकीत दिवसचे दिवस चालतो. पराभूत मासा केवळ चाव्यांनी मरत नाही. तो अन्न सोडतो, काळवंडतो, आणि जखमांतून शिरलेल्या रोगाशी झुंजण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही.

या आक्रमकतेचे सर्वांत मार्मिक निरीक्षण कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने, ज्यास पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आक्रमकतेवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात नोंदविले आहे. सिक्लिडांची एकच जोडी टाकीत ठेवली, तर शेजाऱ्यावर काढावयाचा राग नर आपल्या जोडीदारिणीवर काढतो आणि कधीकधी तिचा जीवही घेतो. पण टाकीच्या मधोमध काच बसवून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, की दोन्ही नर काचेवर एकमेकांशी भांडत राहतात आणि दोन्ही संसार सुरळीत चालतात. काचेवर शेवाळ चढून पलीकडचा शत्रू दिसेनासा झाला की नर पुन्हा मादीशी उद्धट वागू लागतो. काच पुसली की घरात शांतता नांदते. मला या निरीक्षणात प्राण्यांच्या स्वभावाविषयीचे मोठे ज्ञान साठलेले दिसते: माशातली ही प्रेरणा शिक्षेने किंवा उपासाने मिटविता येत नाही, तिला केवळ वाट करून देता येते.

गर्दी वाढविली की भांडण विरते, असा एक समज छंदी लोकांत रूढ आहे, आणि आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या वीतभर माशांपुरता तो बराचसा खरा आहे; तेथे इतके शेजारी असतात की कोणाही एकावर सारा रोष एकवटत नाही. तीच युक्ती फूटभर लांबीच्या माशांना लावणे मात्र घातक होय. मोठा मासा खातो पुष्कळ आणि टाकतोही पुष्कळ. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काम झेपेनासे होते, आणि पाणी डोळ्यांना निर्मळ दिसत असतानाच विषारी बनते.

तेव्हा बंदोबस्त करावयाचा तो खरेदीच्या वेळीच. प्रौढपणीची लांबी विचारून मगच मासा घ्यावा. नवा मासा सोडताना दगड-लाकडांची मांडणी मोडून पुन्हा रचावी, म्हणजे जुन्या वहिवाटीचा हक्क कोणाकडेच उरत नाही. आणि एकदा वैर जडलेल्या दोघांमध्ये भक्कम जाळी घालावी किंवा त्यांना वेगळ्या टाकीत हलवावे. टाकीला न पेलणारा मासा दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी टाकी बाळगणाऱ्याच्या स्वाधीन करावा, पण दयाबुद्धीने तळ्यात किंवा नदीत सोडू नये. याच कुळातला तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला, तो देशभरच्या जलाशयांत पसरला, आणि आज उजनी धरणाच्या काठी चिलापी म्हणून कोळ्यांच्या जाळ्यात रोज सापडतो.