आघातशोषक, युद्धविमान-प्रतिकृतींचे

विमानाची उडती प्रतिकृती जमिनीवर उतरताना तिला बसणारा धक्का शोषून घेण्यासाठी तिच्या चाकाच्या दांड्यात बसविलेली प्रयुक्ती. बाहेरची नळी (सिलिंडर), तिच्यात सरकणारा दट्ट्या आणि या दोहोंमध्ये असलेली स्प्रिंग, हवा वा तेल ही तिची मुख्य अंगे होत. रेडिओ-नियंत्रित मोठ्या प्रतिकृतींत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींत, असे दांडे वापरतात. मूळ विमानाशी असलेला सारखेपणा एवढ्याच निकषावर दांड्याची निवड करता येत नाही. प्रतिकृतीचे वजन, उतरण्याचा वेग, मैदानाचा पृष्ठभाग आणि पंखाचे बळ यांचा एकत्रित विचार करावा लागतो. निवड चुकल्यास अनेक महिने खपून बांधलेल्या प्रतिकृतीचा पंख एकाच अवतरणात मुळापासून उखडण्याचा संभव असतो.

मूळ विमानांतील योजना : पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत चाकांचा आस रबरी दोरीने चौकटीस बांधलेला असे व दोरीच्या ताणामुळे धक्का सौम्य होई. अशा विमानाच्या प्रतिकृतीतही रबरी दोरीच योग्य ठरते. तीत सरकता दांडा बसविणे इतिहासाला धरून होत नाही आणि आवश्यकही नसते. तोफेच्या मागे उसळण्याला आवर घालणाऱ्या यंत्रणेवरून हवा व तेल यांवर चालणारा विमानाचा दांडा ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीने १९१५ मध्ये तयार केला. या दांड्यात संपीडित हवा स्प्रिंगचे काम करते, तर लहान छिद्रातून जोराने ढकलले जाणारे तेल धक्क्याच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करते. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक लढाऊ विमानांत हीच पद्धती होती.

दांडे मिटण्याची दिशा मात्र विमानागणिक वेगळी होती. स्पिटफायर व मेसरश्मिट १०९ या विमानांचे दांडे पंखाच्या मुळाजवळ जोडलेले असून ते बाहेरच्या बाजूस मिटत; त्यामुळे चाकांमधील अंतर कमी राही व विमान जमिनीवर डगमगे. हरिकेन व मस्टँग यांचे दांडे आतील बाजूस मिटत असल्याने चाके दूरदूर असत. कॉर्सेअरचा दांडा मागे मिटताना चाक ९०° तून फिरून पंखात आडवे बसे. थंडरबोल्टचा दांडा मिटताना सु. २३ सेंमी.ने आखूड होई. मोठ्या प्रॉपेलरसाठी लांब दांडा हवा, पण पंखात मशिनगनसाठीही जागा राहावी, अशी दुहेरी गरज त्यामुळे भागली. प्रतिकृतीसाठी दांडा निवडताना मूळ विमानातील ही रचना प्रथम लक्षात घ्यावी लागते, कारण मिटण्याची यंत्रणा व आघातशोषक यांचा मेळ तीवरच अवलंबून असतो.

आकार लहान झाल्याचे परिणाम : लांबी पाचपट कमी केली, तर क्षेत्रफळ २५ पट व घनफळ १२५ पट कमी होते. सु. ११·२ मी. पंखविस्तार असलेल्या स्पिटफायरच्या १/५ प्रतिकृतीचा पंखविस्तार सु. २·२५ मी. येतो. मूळ विमानाचे वजन ३,००० किग्रॅ. धरल्यास या हिशेबाने प्रतिकृतीचे वजन २४ किग्रॅ. भरेल, प्रत्यक्षात प्रतिकृती याहून पुष्कळ हलकी बांधतात. वजन घनफळाच्या प्रमाणात उतरले, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो आणि दट्ट्याची सरक लांबीच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे वजनाच्या किती पट धक्का बसतो हे गुणोत्तर तत्त्वतः मूळ विमानाइतकेच राहते.

तथापि सर्वच गोष्टी या प्रमाणात लहान होत नाहीत. मैदानातील गवत, खडे व खळगे पूर्वीइतकेच असतात. म्हणून मूळ विमानाला न जाणवणारी उंचसखलता प्रतिकृतीच्या लहान चाकाला मोठा अडथळा ठरते. दट्ट्याभोवतीच्या रबरी कड्यांचे घर्षणही वजनाच्या मानाने कमी होत नाही. परिणामी लहान दांड्यात दट्ट्या अडखळतो आणि हलका धक्का बसल्यास सरकतच नाही. तसेच दट्ट्याच्या क्षेत्रफळावर येणारा दाब लांबीच्या प्रमाणात घटतो आणि कमी दाबावर चालणाऱ्या दांड्यात घर्षणाचा वाटा अधिक जाणवतो. या कारणांमुळे लहान व मध्यम प्रतिकृतींत साधी मळसूत्री स्प्रिंगच अधिक भरवशाची असते. तेलाचे संदमन मोठ्या व जड प्रतिकृतींतच फायदेशीर ठरते.

स्प्रिंगची निवड : प्रतिकृती जमिनीवर स्थिर उभी असताना दट्ट्या एकूण सरकेच्या सु. एक-तृतीयांश आत गेलेला असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यामुळे धक्का शोषण्यास दोन-तृतीयांश सरक शिल्लक राहते आणि चाक खळग्यात गेल्यास दट्ट्याला बाहेर येण्यासही वाव मिळतो. उदा., १० किग्रॅ. वजनाच्या प्रतिकृतीत पुच्छचाकावरील अल्प भार सोडून दिल्यास प्रत्येक मुख्य दांड्यावर सु. ५ किग्रॅ. भार येतो. एकूण सरक २५ मिमी. असेल, तर स्थिर स्थितीत ती सु. ८ मिमी. दबावी. यासाठी दर मिमी.ला सु. ०·६ किग्रॅ. इतका ताठपणा असलेली स्प्रिंग लागते. ती पूर्ण दबल्यावर सु. १५ किग्रॅ., म्हणजे स्थिर भाराच्या तिप्पट प्रेरणा देते. पंखांवरील उत्थापक प्रेरणा वजनाइतकी आहे असे मानल्यास हा दांडा ३·७५ सेंमी. उंचीवरून पडण्याइतकी, म्हणजेच खाली येण्याच्या सु. ०·८६ मी./से. वेगाची ऊर्जा शोषू शकतो. उतरताना उत्थापन आधीच नाहीसे झाले असेल, तर ही मर्यादा आणखी कमी होते. वेग मर्यादेबाहेर गेल्यास दट्ट्या तळाशी आदळतो व उरलेला सर्व धक्का पंखाच्या तुळईला सोसावा लागतो. म्हणून फार मऊ स्प्रिंग ही फार ताठ स्प्रिंगइतकीच घातक असते.

उसळी व संदमन : साधी स्प्रिंग शोषलेली बहुतेक ऊर्जा परत करते. पुच्छचाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे चाके जोराने टेकताच शेपूट खाली जाते, पंखाचा आपात कोन वाढतो, उत्थापन वाढते आणि विमान पुन्हा वर उसळते. या उसळीत वेग कमी झालेला असल्याने हवेचा प्रवाह पंखापासून सुटून विमान एका बाजूस कोसळू शकते. मूळ विमानांतही हा दोष आढळला होता. कॉर्सेअर विमान विमानवाहू जहाजावर उतरताना उसळत असे. दांड्यातील झडप व हवेचा दाब यांत बदल केल्यावर ही उसळी कमी झाली आणि १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने ते जहाजांवर सरसकट वापरण्यास मान्यता दिली. प्रतिकृतीत दाट वंगण, तेलाचे छिद्र किंवा नळीतील हवा सावकाश सोडणारे भोक यांनी उसळी कमी करता येते. टायरमुळेही थोडा धक्का शोषला जातो. फार फुगीर रबरी टायर मात्र स्वतःच उसळी वाढवितो.

रचना व जोडणी : दांडा तिरपा बसविलेला असल्याने जमिनीचा रेटा त्याला वाकविण्याचा प्रयत्न करतो आणि दट्ट्या नळीत तिरका होऊन अडकतो. हे टाळण्यासाठी दट्ट्या पूर्ण बाहेर असतानाही त्याचा पुरेसा भाग, सामान्यतः व्यासाच्या किमान दुप्पट, नळीत राहावा. दट्ट्या स्वतःभोवती फिरू नये म्हणून बाहेरून दोन भुजांची कात्री जोडतात किंवा आतून खाच ठेवतात. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या प्रकारांत ही कात्री बाहेर दिसत नाही. अशा प्रतिकृतीसाठी आतील खाचेचा दांडा निवडणे योग्य होय. खडबडीत मैदानावर चाक मागे झुकणाऱ्या भुजेवर बसविण्याची पद्धती सर्वांत परिणामकारक असते. परंतु ती मिग-१५ सारख्या ज्या विमानांत मुळात होती, त्यांच्याच प्रतिकृतींत शोभते. नळीसाठी उच्च बलाची ॲल्युमिनियम मिश्रधातू व दट्ट्यासाठी पोलाद वापरतात. मिटण्याच्या यंत्रणेत शिरणारी पोलादी कांडी सर्व दांड्यांत अधिक ताण सोसते. ती मोडण्याऐवजी किंचित वाकावी, कारण वाकलेली कांडी बदलता येते. फाटलेला पंख सहजी दुरुस्त होत नाही. यंत्रणा जाड प्लायवुडच्या पट्ट्यांवर बसवून त्या पट्ट्या थेट पंखाच्या तुळईशी जोडाव्या लागतात.

चाचणी : उड्डाणापूर्वी इंधन वा विद्युत् घटमाला यांसह पूर्ण वजनाची प्रतिकृती सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही दांडे सारखेच दबतात का, हे पाहतात. नंतर ती २–३ सेंमी. उचलून सोडल्यावर दट्ट्या तळाशी न आदळता एका हेलकाव्यात स्थिर झाला पाहिजे. दबलेल्या अवस्थेत दांडा चाककोशात बसत नसल्याने हवेत गेल्यावर तो पूर्ण लांब होतो की नाही, याचीही खात्री करून घेतात. धूळ हा सरकत्या दांड्याचा मोठा शत्रू असल्याने प्रत्येक दिवसाच्या उड्डाणांनंतर दट्ट्या पुसून त्यास हलके वंगण देणे आवश्यक असते.

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जमिनीवरील बारकाव्यांबरोबरच उड्डाणालाही गुण असतात व अवतरण हा त्याचाच भाग असतो. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमान प्रतिकृती बनविणे व उडविणे यांचे शिक्षण दिले जाते. चांगला दांडा सदोष अवतरणाची भरपाई पूर्णपणे करू शकत नाही. मात्र उडविणाऱ्याच्या हातून होणाऱ्या लहानसहान चुका पंखापर्यंत पोहोचू न देणे, हे त्याचे खरे कार्य होय.